थंड चहा शुक्रवारीच गढूळ का व्हायचा?

उन्हाळा लागला की आमच्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एक काचेची बरणी येऊन बसते. त्यात दूध नाही, साखर नाही, आणि उकळणं तर नाहीच. गार पाण्यात रात्रभर पत्ती भिजवायची, सकाळी गाळायची, बस्स. पहिल्या वर्षी सासूबाईंनी ती बरणी उजेडात धरून मला विचारलं होतं, "अगं, हा कुणाचा चहा प्यायचा राहिलाय?" आपल्याकडे थंड चहा म्हणजे विसरलेला चहा. आता त्या स्वतःच दुपारी चारला विचारतात, "आज गाळलास की नाही?"

माझं प्रमाण असं: एक लिटर गार पाण्याला 8 ते 10 ग्रॅम पत्ती, झाकण घट्ट, आणि सरळ फ्रिजमध्ये. हिरवा चहा 6 तास, दार्जिलिंग 8, काळी मोठ्या पानाची पत्ती 10 तास. मग गाळायचं. यात चुकण्यासारखं काही आहे असं वाटत नाही, म्हणूनच चुकलं की कुठे शोधायचं ते कळत नाही.

माझी अडचण निवळपणाची होती. सोमवारची बरणी मधासारखी स्वच्छ, मंगळवारची तशीच, आणि मध्येच एखादी अशी निघायची की जणू कुणीतरी तिच्यात दुधाचा चमचा बुडवून काढलाय. पाकीट तेच, बरणी तीच, तासही तेवढेच. चवही जराशी मेलेली. मी काय केलं असेल? पत्ती बदलली. मग पुन्हा बदलली. दोन उन्हाळ्यांत अर्धवट वापरलेली तीन पाकिटं कपाटात साठली, आणि बरणी अधूनमधून गढूळ होतच राहिली. पत्तीवर खर्च करण्याआधी जे करायला हवं होतं, ते आता क्रमाने सांगते.

गढूळ म्हणजे नक्की कसला गढूळ?

चहा चार वेगवेगळ्या कारणांनी गढूळ होतो आणि चारही वेळा लांबून सारखाच दिसतो. त्यामुळे आधी कारण ओळखायचं, उपाय नंतर. त्याला वर्तमानपत्र, एक काचेचा ग्लास आणि पाच-दहा मिनिटं पुरतात.

ग्लासात अर्ध्यापर्यंत चहा ओता आणि त्याच्यामागे वर्तमानपत्र उभं धरा. निवळ चहातून बातमीतली बारीक अक्षरंही वाचता येतात, फक्त तपकिरी दिसतात. गढूळ चहातून मथळा कळतो, खालची बातमी पुसट होते. आता तो ग्लास न हलवता दहा मिनिटं ओट्यावर ठेवा. वरचा भाग निवळला आणि तळाशी बारीक पूड बसली, तर तो गाळ आहे. गाळणं बदललं की प्रश्न मिटला. काहीच बसलं नाही, तर तोच चहा छोट्या भांड्यात घेऊन वाफ दिसेपर्यंत गरम करा आणि पुन्हा ग्लासात ओता. (ग्लास जाड असेल तर आत चमचा ठेवून ओता. माझा एक ग्लास याच परीक्षेत गेला.) गरम झाल्यावर लख्ख निवळला, तर ती चहाची साय. गरम करूनही धूसर राहिला, वर पातळ तवंगही दिसला, तर संशय पाण्यावर घ्या. आणि गरम करायला गेल्यावर आंबूस वास आला किंवा चमच्याला तार लागली, तर परीक्षा तिथेच थांबवा. तो चहा मोरीत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

गरम केल्यावर निवळतो, तेव्हा

याला मी साय म्हणते, चहाच्या धंद्यातले लोक क्रीम म्हणतात. दुधाच्या सायीशी त्याचा काही संबंध नाही. गरम पाण्यात पत्तीतून कॅफीन आणि थिअफ्लेविन, थिअरुबिजिन ही रंगाची द्रव्यं भरपूर उतरतात. चहा गरम असतो तोवर ती विरघळलेली राहतात. चहा गार व्हायला लागला की कॅफीन आणि ही द्रव्यं एकमेकांना चिकटतात, त्यांचे सूक्ष्म कण बनतात आणि चहा दुधाळ दिसतो. चहा जितका कडक तितकी साय जास्त. आसामचा चांगला दमदार चहा गार केला की हमखास दुधाळतो, आणि चहा चाखण्याचा व्यवसाय करणारे तर त्याला चांगल्या मालाची खूण मानतात. म्हणजे हा दोष नाही. पण पाहुण्यापुढे ठेवताना तो दोषच वाटतो, ते वेगळं.

आता तुम्ही म्हणाल, गार पाण्याच्या चहात हे कुठून आलं? गार पाणी कॅफीन आणि तुरट द्रव्यं कमी ओढतं, साय धरायला माल कमी पडतो, म्हणून तर हा चहा एरवी निवळ राहतो. मग साय दिसली तर कुठेतरी ऊब शिरली आहे, असं समजा. माझ्याकडे ती दोन वाटांनी शिरली होती.

पहिली वाट म्हणजे माझीच घाई. पत्ती "फुलवून घ्यायला" मी तिच्यावर आधी दोन पळ्या उकळतं पाणी घालायची आणि मग गार पाणी ओतायची. कल्पना हुशारीची वाटते. पण त्या पहिल्या मिनिटभरात गरम पाणी जे ओढायचं ते ओढून मोकळं होतं आणि पुढे फ्रिजमध्ये त्याचीच साय धरते. दुसरी वाट मला फार उशिरा कळली: मे महिन्यात नळाचं पाणी गार नसतंच. गच्चीवरची टाकी दिवसभर तापते, संध्याकाळी नळाखाली हात धरला तर पाणी चक्क कोमट लागतं. त्या पाण्यात पत्ती टाकून बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर ती गार होईपर्यंत पत्ती कोमट पाण्यातच मुरत राहते. तेव्हा माठातलं पाणी घ्या, नाहीतर आधी फ्रिजमध्ये गार केलेलं. दुपारी पाण्याची बाटली आत ठेवायची, रात्री त्यात पत्ती.

साय आलेला चहा फेकू नका, चवीला तो ठीक असतो. थोडं साधं पाणी घालून पातळ केला की बराच निवळतो. वेळ नाही म्हणून गरम पाण्याचाच थंड चहा करायचा असेल तर तो हलका करा, पत्ती तीन-चार मिनिटांत काढा, आणि गरम भांडं लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका. आधी ओट्यावर निवू द्या. एकदम गार केलेला चहा जास्त दुधाळतो.

माझी मावसबहीण अटलांटाजवळ राहते. अमेरिकेच्या त्या दक्षिण भागात थंड गोड चहा पाण्यासारखा पितात आणि तिथे यावर घरगुती तोड आहे ती चिमूटभर खाण्याच्या सोड्याची. सोड्याने चहा निवळतो हे खरं, तुरटपणाही मोडतो. पण रंग एकदम काळपट होतो आणि चिमटीचा अंदाज जरा चुकला की साबणाच्या पाण्यासारखी चव लागते. मी एकदाच केलं.

तळाशी पूड बसते, तेव्हा

आपल्या घरात जो चहा असतो तो बहुतेक दाणेदार, म्हणजे सीटीसी. पान चिरडायचं, फाडायचं आणि वळायचं, या तीन क्रियांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. हे यंत्र 1930 साली आसामात अमगुरीच्या मळ्यावर विल्यम मॅककर्चर यांनी आणलं. उकळून, दूध घालून, पाच मिनिटांत कडक चहा हवा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पान इतकं फाटलेलं असतं की गार पाण्यातही सगळं भराभर बाहेर येतं, आणि दाण्यांबरोबर जी भुकटी असते ती नेहमीच्या चहाच्या गाळणीतून आरामात निसटते.

सीटीसीचा थंड चहा होतच नाही असं नाही. पत्ती 6 ग्रॅमवर आणा, वेळ 4-5 तासांवर, आणि गाळताना गाळणीत दुहेरी मलमलचं फडकं घाला. फडकं पिळू नका. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपला हात चोथा पिळल्याशिवाय राहत नाही. श्रीखंडाचा चक्का नाही हा. पिळलं की अडकलेली भुकटी आणि चोथ्यात राहिलेला तुरटपणा दोन्ही बरणीत उतरतात. फडकं टांगून ठेवा, गळेल तेवढं गळू द्या.

त्यापेक्षा पत्तीच वेगळी आणावी हे माझं मत. सुट्या चहाच्या दुकानात जाऊन "ऑर्थोडॉक्स" म्हणा, नाहीतर सरळ "मोठ्या पानाचा, उकळायचा नाहीये" म्हणा, दुकानदाराला कळतं. "डस्ट" आणि "फॅनिंग्ज" हे शब्द ऐकले तर नको म्हणा, ती चाळून खाली राहिलेली बारीक प्रत. कपात बुडवायच्या टी-बॅगांमध्येही बहुतेक तेच असतं. थंड चहासाठी माझी पहिली पसंती निलगिरी. दक्षिणेतल्या उंच डोंगरावरची ही पत्ती गार केल्यावरही निवळ राहते अशी तिची जुनी ख्याती आहे, आणि ती दार्जिलिंगपेक्षा खिशाला सोसते. दार्जिलिंगचा पहिल्या खुडणीचा चहा, मार्च-एप्रिलचा, गार पाण्यात फारच सुंदर लागतो, पण तो आठवड्याला संपवण्याइतकी मी श्रीमंत नाही.

शुक्रवारचं कोडं

आता माझ्या तीन पाकिटांची गोष्ट. ऊब थांबवली, पत्ती बदलली, फडकं पिळणं सोडलं. गढूळ बरण्या कमी झाल्या, पण बंद झाल्या नाहीत. मग मी फ्रिजच्या दारावर कॅलेंडर लावलं आणि ज्या दिवशी बरणी गढूळ निघेल त्या तारखेवर फुली मारायला लागले. दीड महिन्यात सहा फुल्या पडल्या. पाच शुक्रवारी.

शुक्रवारी काय वेगळं होतं? काहीच सुचेना. पत्ती मीच घालायची, गाळायचीही मीच. एका गुरुवारी रात्री स्वयंपाकघरात सासूबाई कुकरचं झाकण उघडून पुटपुटल्या, "आजही डाळ शिजली नाही. बोअरचं पाणी दिसतंय."

मी हातातली पत्ती तशीच डब्यात ठेवली.

पुण्यात राहणाऱ्यांना आता पुढचं सांगायला नको. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद असतं. त्या दिवशी सोसायटीची टाकी बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने भरली जाते. एरवी नळाला येतं ते धरणाचं, मऊ पाणी. गुरुवारी येतं ते जमिनीतलं, क्षारांचं जड पाणी. गुरुवारी रात्री भिजवलेली बरणी मी शुक्रवारी सकाळी गाळायची. आणि घरातला फिल्टर आरओचा नाही, यूव्हीचा. यूव्ही जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही. पाणी दिसायला स्वच्छ, प्यायला सुरक्षित, आणि चहाला वाईट.

पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की ते चहातल्या द्रव्यांशी जुळून धूसरपणा वाढवतं. गरम चहात तेच वर तेलकट दिसणाऱ्या तवंगाच्या रूपात येतं, कपाच्या आत तपकिरी वर्तुळ सोडतं. शिवाय अशा पाण्यात चहाचा रंग मळकट उतरतो आणि वास दबतो. मला जी "मेलेली" चव वाटायची ती ही.

पाणी जड आहे की नाही हे ओळखायला मीटर लागत नाही. साबणाला फेस येत नाही, तूरडाळ एक शिट्टी जास्त मागते, नळाच्या तोटीवर पांढरं खडबडीत कवच धरतं. याहून सोपी खूण बर्फाची: ग्लासातला बर्फ वितळल्यावर तळाशी पांढरे कण उरले तर तुमचं पाणी जड आहे. थंड चहात हेही एक फसवं कारण असतं. बरणी निवळ, आणि ग्लासात बर्फ टाकल्यावर चहा धूसर. दोष चहाचा नसतो, बर्फाचा असतो. बर्फ चांगल्या पाण्याचा करा. त्याहून बरं म्हणजे उरलेल्या चहाचाच बर्फ करून ठेवा, मग ग्लास पाणचटही होत नाही.

उपाय काय? मी बुधवारी दोन लिटर पाणी काढून फ्रिजमध्ये ठेवते. ज्यांच्याकडे रोजच बोअर आहे त्यांनी पाणी दहा मिनिटं खळखळ उकळावं, झाकून गार होऊ द्यावं, क्षार तळाशी आणि कडेला बसले की वरचं पाणी अलगद ओतून घ्यावं. उकळल्याने सगळे क्षार जात नाहीत, पण जे बायकार्बोनेटच्या रूपात असतात ते जातात, आणि चहाला तेवढाही फरक पुरतो. आरओ असेल तर प्रश्न उलटा होऊ शकतो: टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, फारच खाली उतरवून ठेवला असेल तर चहा निवळ पण बेचव, सपाट लागतो. आरओच्या पाण्यात थोडं साधं फिल्टरचं पाणी मिसळून बघा. साधारण 50 ते 150 टीडीएसच्या मधलं पाणी मला चहाला बरं वाटलंय.

एक छोटी गोष्ट. पाणी परत सुरू होतं त्या दिवशी कधी कधी क्लोरीनचा वास येतो. गरम, मसाल्याच्या चहात तो लपतो. थंड चहात लपत नाही, उलट औषधासारखा पुढे येतो. पाणी उकळून गार करा, नाहीतर कार्बनचा फिल्टर असलेलं घ्या.

पाणचट, तुरट, कडू

पाणचट चहाचं कारण बहुतेक वेळा चमचा असतं. दाणेदार चहा चमच्यात दाटून बसतो, सपाट चमचा अडीच-तीन ग्रॅम भरतो. मोठ्या पानाची पत्ती फुगीर असते, त्याच चमच्यात दीड-दोन ग्रॅमच मावते. "नेहमीसारखे तीन चमचे" टाकले की पत्ती जवळपास निम्म्यावर येते. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर एकदा मोजून बघा, मग आयुष्यभर चमच्याचा अंदाज येतो. माझ्या निलगिरीचे पाच चमचे म्हणजे 9 ग्रॅम.

पाणचट लागतोय म्हणून तास वाढवू नका. पत्ती वाढवा. गार पाण्यात गोडसर चव देणारी अमिनो द्रव्यं आधी उतरतात, तुरट आणि कडू द्रव्यं सावकाश. जास्त वेळ ठेवला की चव वाढत नाही, तुरटपणा तेवढा वाढतो. जपानी लोक हिरवा चहा असा गार पाण्यात काढतात त्यामागे हेच गणित: गरम पाण्यात जो सेन्चा जिभेला टोचतो तोच गार पाण्यात गोड लागतो. आपल्याकडे हिरवा चहा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी एकदा उकळतं पाणी सोडून हे करून बघावं. सासूबाई, ज्यांना हिरवा चहा म्हणजे "पालक धुतलेलं पाणी" वाटायचं, त्यांनी दोन ग्लास घेतले.

कडू झाला असेल तर एकच प्रश्न विचारा: सकाळी वेळेवर गाळला का? बरणी फ्रिजमध्ये आहे म्हणून पत्ती थांबत नाही. आणि हो, थंड चहात कॅफीन कमी असलं तरी असतंच. संध्याकाळी सातला मुलांना मोठे ग्लास भरून दिले तर रात्री अकराला त्यांच्याशी गप्पा मारायची तयारी ठेवा.

चहाला फ्रिजचा वास लागला

पत्ती आणि चहा दोन्ही वास ओढून घेतात. आमच्या फ्रिजमध्ये एका कप्प्यात लसणाची चटणी, दुसऱ्यात अर्धा चिरलेला कांदा, आणि कोकणातून कुणी आलं असेल तर खाली सुकट. प्लॅस्टिकच्या जगमध्ये केलेला माझा पहिला थंड चहा या सगळ्यांची ओळख करून देत होता. काच, घट्ट झाकण, रबराची रिंग. रिंगही आठवड्याला काढून धुवायची, लोणच्याची बरणी असेल तर रिंग नवीनच घ्यायची.

हा भाग मात्र गंभीर आहे

तार सुटलेला चहा. मागच्या वर्षी मी नळाची काचेची बरणी आणली, जेवणाच्या टेबलावर सरबत ठेवतात तसली. आठवडाभर छान चाललं. मग एका सकाळी ग्लासात चहा सोडला तर धार तुटेना, शेवटी केसासारखी एक तार लोंबत राहिली. चव घेतली नाही, नशीब. सगळा ओतून टाकला, बरणी गरम पाण्याने घासली, नवा चहा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तार. बरणी स्वच्छ होती, नळ स्वच्छ नव्हता. तो पान्याने उघडला तेव्हा आतल्या वॉशरभोवती तपकिरी बुळबुळीत थर होता, जो कुठल्याही ब्रशला दिसला नसता. ताजा चहा रोज त्याच थरातून ग्लासात उतरत होता.

गार पाण्याच्या चहाचा हा खरा कच्चा दुवा आहे. उकळताना पत्तीवरचे आणि पाण्यातले जंतू मरतात, इथे कुणीच मरत नाही. थंडी त्यांना फक्त झोपवते. म्हणून पाणी पिण्यायोग्य हवं, उकळून गार केलेलं उत्तम; बरणी पहिल्या मिनिटापासून फ्रिजमध्ये हवी; आणि गाळलेला चहा दोन दिवसांत संपायला हवा. "रात्रभर ओट्यावर ठेवा" ही कृती थंड हवेच्या देशातली असेल, आपल्या मे महिन्यातली नाही. बरणी गच्चीत उन्हात ठेवून केलेला "उन्हाचा चहा" तर मी करतच नाही. ऊन कितीही कडक असलं तरी बरणीतलं पाणी उकळीच्या जवळपासही जात नाही, ते फक्त कोमट होतं, आणि जंतूंना कोमटच आवडतं.

तार, बुडबुडे, आंबूस वास, वर पांढरट पातळ पडदा, यांतलं काहीही दिसलं तर "उकळून घेऊ" असा विचार करू नका. टाकून द्या. बारा रुपयांच्या पत्तीसाठी पोटाशी खेळ नको. वीज गेली असेल तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद दारात गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज नव्हती तर बरणीतला चहा गेला असं समजा.

नळाची बरणी आता धान्याच्या कपाटात आहे, तिच्यात मुरमुरे आहेत.

साखर, लिंबू, आणि आपले मसाले

साखर गार चहात विरघळायला फार वेळ घेते, तळाशी बसते आणि शेवटचा घोट पाकासारखा लागतो. वाटीभर साखर, वाटीभर पाणी, विरघळेपर्यंत गरम करायचं आणि बंद करायचं. एकतारी करायचा नाही, गार झाल्यावर तो ग्लासात मिसळत नाही. गुळाचा थंड चहा करणाऱ्यांनो, गूळ स्वतःच गढूळ आहे. पाक गाळून घेतला तरी निवळ ग्लासाची आशा सोडा. चव मात्र झकास.

लिंबू बरणीत नाही, ग्लासात. पिळलं की रंग एकदम फिका होतो, घाबरू नका. आंबटाने चहाचा रंग उतरतोच. किसलेलं आलं टाकलंत तर त्यातल्या पिठूळपणाने चहा गढूळ होईल, तेव्हा पातळ काप टाका. गवती चहाचा वास त्याच्या तेलात असतो आणि ते गार पाण्यात धड उतरत नाही. दोन पाती कात्रीने कापून अर्ध्या कपात उकळा, गार करा आणि तो काढा बरणीत मिसळा. पुदिना मात्र गार पाण्यातच चांगला, हाताने नुसता चुरडून.

कोकम घालायचं असेल तर आगळ नको, त्यात मीठ असतं. माझ्या जावेने पाहुण्यांना खारट चहा पाजलाय. दोन-तीन आमसुलं धुऊन ग्लासात अर्धा तास ठेवा, रंगही सुरेख येतो.

बुधवारच्या बाटलीला मी आता चिठ्ठी लावते: "चहाचं पाणी. हात लावू नये." मागच्या बुधवारी रात्री बाटली अर्धी झालेली होती. चिरंजीवांना विचारलं तर म्हणाले, "त्यावर चहा लिहिलं होतं ना, मी तर पाणी प्यायलो."